पोस्टरवरची हडळ कुणी रंगवली?



आपल्या या रेडिओगप्पांमध्ये आपण कर्जाचे हप्ते, शेळीपालन, रक्तातलं लोह, सातबाऱ्यावरचं नाव अशा कामाच्या गोष्टी बोलतो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ताईंना आज काय झालं? आज बोलायचं आहे भुताच्या सिनेमांच्या पोस्टरांबद्दल. ती पोस्टरं आपल्याला घाबरवतात कशी, ही युक्ती आली कुठून, आणि त्या पोस्टरवर बहुतेक वेळा बाईच का असते, हे आज पाहू.

गावाला सिनेमा आधी दिसायचा तो भिंतीवर. जत्रेत तंबू पडायचा, त्याच्या आधी दोन दिवस एक माणूस खळीचा डबा आणि कागदाची भेंडोळी घेऊन यायचा. चावडीची भिंत, एसटीचा थांबा, पिठाची गिरणी, जिथं जागा मिळेल तिथं पोस्टर चिकटवायचा. ज्या बायकांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनाही ते पोस्टर कळायचं. मारामारीचा सिनेमा आहे, देवाचा आहे, रडायचा आहे की भुताचा, हे लांबूनच ओळखू यायचं. पोस्टरचं कामच ते. चालत्या माणसाला क्षणभरात सांगायचं, आणि वाचता न येणाऱ्यालाही सांगायचं.

बुजगावण्याची विद्या

घाबरवायची विद्या आपल्याला नवी नाही. शेतात आपण बुजगावणं उभं करतो ना? दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधायच्या, जुना सदरा चढवायचा, वर काळं मडकं पालथं घालायचं आणि त्यावर चुन्यानं दोन डोळे काढायचे. त्यात जीव नाही, तरी पाखरं बिचकतात. कारण आपण त्यात माणसाच्या दोनच खुणा ठेवलेल्या असतात, आकार आणि डोळे. बाकीचं बघणारा आपल्या मनानं भरतो.

भुताचं पोस्टर हे शहरातलं बुजगावणंच आहे. तिथंही मोजक्याच युक्त्या असतात. पहिली युक्ती उजेडाची. सूर्य वर असतो, दिवा वर टांगलेला असतो, म्हणून माणसाचा चेहरा आपण कायम वरून उजळलेला बघतो. लाइट गेल्यावर पोरं हनुवटीखाली बॅटरी धरून धाकट्या भावंडाला भेडसावतात. उजेड खालून आला की नाकाची सावली वर चढते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि ओळखीचा चेहरा परका दिसतो. दुसरी युक्ती डोळ्यांची. बुबुळाच्या वर आणि खाली पांढरं दिसलं की आपण समजतो, काहीतरी भयंकर घडतंय. तिसरी आकाराची. खाली एवढंसं घर, त्यावर आभाळभर तोंड. चौथी रंगाची. काळ्यावर लाल, आणि कातडीला हिरवट किंवा निळसर छटा, म्हणजे मेलेल्या माणसाची. पाचवी अक्षरांची. सिनेमाचं नाव असं लिहायचं की अक्षरांतून रक्त टपकतंय असं वाटावं. आणि सहावी, सगळ्यांत मोठी युक्ती लपवण्याची. अर्धवट उघडं दार, अर्धा चेहरा, नुसती सावली.

या सहा युक्त्या लक्षात ठेवा. आता त्या कुठून कुठून आल्या ते बघू. सुरुवात आपल्याच कोल्हापुरातून करू.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे कलाकार. सिनेमाचं वेड लागल्यावर त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट आला. तेव्हा सिनेमात बायकांनी काम करणं कमीपणाचं मानत आणि पुरुषच लुगडी नेसून बाईचं काम करत. बाबूरावांनी या सिनेमात बायकांनाच घेतलं. आपल्या सिनेमांची पोस्टरं ते स्वतः रंगवत. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याणचा खजिना' या चित्रपटाचं पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत गणलं जातं.

'सैरंध्री' भुताचा सिनेमा नव्हता. पण त्यात भीमानं कीचकाला मारण्याचं दृश्य होतं. ते इतकं खरं वाटलं की प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरनं ते कापायला लावलं, असं सिनेमाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. त्या दृश्यात भीती कुणाची वाटत होती? द्रौपदी दासी म्हणून राहत होती, कीचकानं तिच्यावर वाईट नजर टाकली आणि त्याला शिक्षा झाली. म्हणजे ज्यानं अन्याय केला त्याच्या शेवटाकडे बघून अंगावर काटा येत होता. पुढं भुताच्या सिनेमात हे चित्र कसं उलटं झालं, ते आता बघा.

वाकडी घरं आणि एका विधवेचा दावा

कोल्हापुरात 'सैरंध्री' आला त्याच वर्षी, १९२० मध्ये, जर्मनीत 'कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी' हा सिनेमा आला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. घराघरांत माणसं गेलेली, खायची ददात, मनं फाटलेली. या सिनेमात घरं वाकडी, खिडक्या तिरक्या, रस्ते भोवऱ्यासारखे, सावल्या तर भिंतीवर रंगानंच काढलेल्या. पोस्टरंही तशीच वाकडी केली. सिनेमा येण्याआधी बर्लिनमध्ये एक अजब जाहिरात लागली, 'तुला कॅलिगरी व्हावंच लागेल' एवढंच म्हणणारी. हा कॅलिगरी कोण, माणूस की औषध, काही कळू दिलं नाही. लपवण्याची युक्ती ती हीच.

दोन वर्षांनी, १९२२ मध्ये, 'नोस्फेराटू' आला, रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा. त्याची पोस्टरं आल्बिन ग्राऊ या चित्रकारानं केली. सिनेमाच्या निर्मात्यांपैकी एक तोच होता आणि घरं, पोशाख ठरवणाराही तोच. त्याचं पिशाच्च धिप्पाड नाही, उलट काडीसारखं. बोटं लांब, नखं त्याहून लांब. माणसाचं शरीर आहे पण मापं चुकलेली आहेत, म्हणून भीती वाटते.

या सिनेमामागे एका बाईची गोष्ट आहे, ती आपल्या गटांना आवडेल. सिनेमा 'ड्रॅक्युला' या इंग्रजी कादंबरीवर बेतला होता, पण तिचे हक्क घेतलेच नव्हते. लेखक ब्रॅम स्टोकर वारले होते. त्यांची विधवा फ्लॉरेन्स यांचा नवऱ्याच्या पुस्तकावर हक्क होता आणि त्यांच्या उत्पन्नात त्याचा आधार होता. त्या गप्प बसल्या नाहीत. जर्मनीत दावा लावला, आणि १९२५ साली न्यायालयानं सिनेमाच्या सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून तो सिनेमा आज बघायला मिळतो. पुढं हक्क रीतसर विकत घेऊन अमेरिकेत १९३१ साली 'ड्रॅक्युला' निघाला. पडद्यावर पिशाच्च बाईचं रक्त पीत होतं, आणि पडद्याबाहेर एक बाई आपला हक्क सोडवून घेत होती.

मूर्च्छित बाई आणि पन्नास फुटी बाई

अमेरिकेत युनिव्हर्सल नावाच्या कंपनीनं १९३१ आणि १९३२ मध्ये 'ड्रॅक्युला', 'फ्रँकेन्स्टाईन', 'द ममी' असे सिनेमे काढले. त्यांची पोस्टरं कॅरोली ग्रोस या कलाकाराच्या हाताखाली झाली. सिनेमे काळे-पांढरे होते, पण पोस्टरं रंगीत. मेलेल्या तुकड्यांपासून बनवलेल्या राक्षसाचा चेहरा हिरवट असतो हे आज लहान मुलालाही माहीत आहे, पण सिनेमात हिरवा रंग असणं शक्यच नव्हतं. भीतीचा तो रंग पोस्टरांनी लोकांच्या डोळ्यांत भरला. 'द ममी'चं एक जुनं पोस्टर १९९७ साली लिलावात साडेचार लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. एके काळी रद्दीत जाणारा कागद होता तो!

या पोस्टरांत बाई कुठं असते बघा. राक्षस मोठा, आणि त्याच्या पुढ्यात किंवा हातांवर बेशुद्ध पडलेली तरुणी. वीस-पंचवीस वर्षं हेच चित्र फिरत राहिलं. १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या सिनेमाच्या पोस्टरवर एक यंत्रमानव बेशुद्ध बाईला उचलून नेतोय. सिनेमात तो यंत्रमानव चांगला आहे आणि असा प्रसंगच नाही! पण पोस्टरवर बाई घाबरलेली किंवा बेशुद्ध असली की तिकीट खपतं, हा धंद्याचा हिशोब झाला होता.

मग १९५८ साली एक उलटं पोस्टर आलं, 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन', म्हणजे पन्नास फुटी बाईचा हल्ला. रेनॉल्ड ब्राऊन या चित्रकारानं ते काढलं. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन पाय रोवून आभाळाएवढी बाई उभी आहे, हातात मोटार खेळण्यासारखी धरलीय, खाली माणसं मुंग्यांसारखी पळतायत. आकाराची युक्ती अगदी सोपी करून दाखवलीय. आता गोष्ट ऐका. ही बाई श्रीमंत, आणि तिचा नवरा तिच्या पैशावर जगून दुसरीच्या मागे लागलेला. ती तक्रार करते तर सगळे तिला वेडी ठरवतात. परग्रहावरून आलेल्या एकाशी गाठ पडून तिचं शरीर प्रचंड वाढतं आणि ती नवऱ्याचा शोध घेत निघते. म्हणजे फसवलं नवऱ्यानं, आणि पोस्टरवर राक्षस झाली ती बाई! नवऱ्याचा चेहरा शोधून सापडत नाही.

पुढं पोस्टर करणाऱ्यांना कळलं की राक्षस दाखवलाच पाहिजे असं नाही. १९६८ च्या 'रोझमेरीज बेबी' या सिनेमाच्या पोस्टरवर हिरवट उजेडात आडव्या बाईचा चेहरा आहे, आणि त्यावर खडकाच्या टोकाशी उभी एक छोटी काळी बाबागाडी. रक्त नाही, दात नाहीत. पण बाबागाडी जिथं असू नये तिथं आहे, म्हणून पोटात गोळा येतो. ही गोष्ट एका गरोदर बाईची आहे. ती सांगत राहते की माझ्या बाळाबाबत काहीतरी वाईट चाललंय, आणि नवरा, डॉक्टर, शेजारी कुणीच तिचं ऐकत नाही. १९७५ चं 'जॉज' हे पोस्टर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. वर एक बाई मजेत पोहतेय, खालून जबडा उघडून भला मोठा शार्क मासा येतोय. रॉजर कॅस्टेल यांनी ते चित्र मुळात पुस्तकासाठी रंगवलं होतं. धोका आपल्याला दिसतोय आणि तिला दिसत नाही, सगळी भीती त्या फरकात आहे. आपण ओरडून सांगू शकत नाही, म्हणून जीव कासावीस होतो.

जपानची बाळंतीण

आता पूर्वेकडे येऊ. कारण मोकळे केस आणि पांढरं वस्त्र असलेली भुताटकीची बाई जपानमध्ये सिनेमाच्या कितीतरी आधी कागदावर छापली जात होती. लाकडाचे ठसे कोरून रंगीत चित्रं छापायची कला तिथं फार पुढं गेली होती. १८२५ साली तिथं ओइवा नावाच्या बाईचं नाटक रंगभूमीवर आलं. ओइवा नुकतीच बाळंत झालेली. तिच्या नवऱ्यानं आपल्या पोरीशी लग्न करावं म्हणून शेजारचं श्रीमंत घर तिला बाळंतिणीचं औषध म्हणून विष पाठवतं. तिचा चेहरा विद्रूप होतो, केसांचे पुंजके गळतात, नवरा तिला टाकतो आणि ती तडफडून मरते. मग ती भूत होऊन येते. होकुसाई या नामांकित चित्रकारानं १८३१ च्या सुमाराला तिचं चित्र केलं, फाटक्या कागदी कंदिलातून बघणारा तिचा चेहरा. जपानी माणसाला ते बघून आजही शहारा येतो.

१९९८ साली जपानमध्येच 'रिंगू' हा सिनेमा आला. पांढरा झगा, चेहऱ्यावर ओढलेले लांब काळे केस, विहिरीतून येणारी बाई. नंतर केसांआड चेहरा लपवलेली बाई जगभरच्या पोस्टरांवर दिसू लागली. ती विहिरीत कशी गेली? तिला वाढवणाऱ्या बापानंच तिला मारून विहिरीत ढकललं होतं. मैत्रिणींनो, सून किंवा लेक विहिरीत सापडली की आपल्याकडेही काय होतं? पुढं वर्षानुवर्षं लोक सांगतात, त्या विहिरीवर रात्री जाऊ नका, बाई दिसते. तिला कुणी ढकललं का, हा प्रश्न मागे पडतो.

पांढरी साडी, मोकळं कपाळ

आता आपल्या हिंदी-मराठी सिनेमाकडे वळू. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा 'महल' आला, मधुबाला आणि अशोककुमार यांचा. जुना वाडा, झोपाळा, दिव्याचा उजेड आणि दिसून नाहीशी होणारी बाई. १९६४ च्या 'वो कौन थी' मध्ये पावसातल्या रात्री पांढऱ्या साडीतली साधना आली. वाडा, वीज, मेणबत्ती, धुकं आणि पांढऱ्या साडीतली बाई हे चित्र तिथून पक्कं झालं. पण या दोन्ही सिनेमांत शेवटी भूत निघतच नाही. 'महल' मधली ती बाई माळ्याची मुलगी असते. 'वो कौन थी' मध्ये जायदाद हडपण्यासाठी नातलगानंच सगळं रचलेलं असतं. १९७६ च्या मराठी 'हा खेळ सावल्यांचा' मध्येही भुताच्या सावलीमागे माणसंच निघतात. सिनेमा शेवटी खरं सांगतो. पण भिंतीवरचं पोस्टर खरं सांगत नाही. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्या मनात पांढऱ्या साडीतली बाई भूत म्हणूनच राहिली.

मग रामसे बंधू आले. वडील फत्तेचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं. सात भाऊ. १९७० साली त्यांचा एक सिनेमा पडला, पण त्यांच्या लक्षात आलं की भेसूर मुखवटा घालून चोरी करण्याचा जो प्रसंग त्यात होता, तेवढा बघायला लोक पुन्हा येतात. त्यांनी तोच धागा धरला. १९७२ साली महाबळेश्वरला जाऊन थोडक्या पैशांत 'दो गज जमीन के नीचे' केला आणि तो चालला. १९८४ चा 'पुराना मंदिर' आणि १९८८ चा 'वीराना' गावोगाव पोचले. मोठे नट परवडत नव्हते, म्हणून त्यांच्या सिनेमांचा खरा हिरो पोस्टरच होतं.

ही पोस्टरं हातानं रंगवलेली असत. नटांचे फोटो समोर ठेवायचे, कागदावर चौकोन आखायचे, चौकोनाला चौकोन जुळवून चित्र मोठं करायचं, आणि ब्रश किंवा रंगाच्या सुरीनं जाडसर थर द्यायचा. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनीही तरुणपणी मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवून पोट भरलं होतं. भुताच्या पोस्टरला हा जाड रंग फार सोयीचा. गालावर निळा फटकारा, डोळ्यांत लाल ठिपका, अक्षरांच्या शिरोरेषेवरून ओघळणारा तांबडा रंग. वर आ वासलेलं तोंड, खाली वाडा, मध्ये किंचाळणारी बाई. सगळ्या सहा युक्त्या एकाच कागदावर!

'पुराना मंदिर'ची गोष्ट आठवा. राजघराण्यावर एका राक्षसाचा शाप असतो की या घरातली बाई बाळंतपणात मरेल. सिनेमात तो शाप आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात तो शाप नव्हता, ती रोजची गोष्ट होती. रक्तस्राव थांबला नाही, बैलगाडी वेळेवर मिळाली नाही, दवाखाना लांब. आणि बाळंतपणात मेलेल्या बाईला आपल्या समाजानं काय नाव दिलं? अळवंतीण. हडळ. जिला वाचवायचं होतं आणि वाचवता आलं नाही, तिलाच आपण भूत केलं. तिच्यासाठी गाडी नव्हती, औषध नव्हतं, पण तिच्या नावानं तिठ्यावर उतारा टाकायला मात्र नारळ-लिंबू मिळत होतं.

मी बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम करते. एका बैठकीत हिशोब झाल्यावर मी मोबाइलवर अशी चार-पाच पोस्टरं बायकांना दाखवली आणि विचारलं, यात भूत कोण ते कसं ओळखलंत? कुणी म्हणालं केस मोकळे, कुणी म्हणालं साडी पांढरी, कुणी म्हणालं कपाळ मोकळं. कोपऱ्यात बसलेल्या एक आजी बराच वेळ बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हे भूत कुटलं गं? ही तर नवरा गेलेली बाई दिसतीया." बैठक एकदम गप्प झाली. कारण आमच्या त्या गटात पाच जणी नवरा गेलेल्या आहेत.

आजींनी जे पाहिलं ते बरोबर होतं. पांढरं वस्त्र उत्तरेत आणि बंगालात विधवेचं. आपल्याकडे काही जातींत तिला तांबडं आलवण नेसवत, पण मोकळं कपाळ आणि मोकळे हात सगळीकडेच. केस मोकळे सोडणं हे दुःखाचं, सुतकाचं लक्षण. पोस्टर रंगवणाऱ्याला झटकन ओळखू येईल अशी खूण हवी होती. समाजानं शुभकार्यातून बाजूला सारलेली बाई कशी दिसते हे त्याला माहीत होतं, बघणाऱ्यालाही माहीत होतं. त्यानं तीच खूण उचलली. पोस्टरवाल्यानं हडळ रंगवली खरी, पण त्याला नमुना आपण पुरवला.

भीती खरी कुठली, विकाऊ कुठली

भीतीचं प्रत्येक चित्र वाईट नसतं, हेही सांगते. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात लाल त्रिकोण आणि कवटी असली की समजायचं, हे सगळ्यांत जहाल विष. पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण म्हणजे जहालपणा उतरत्या क्रमानं कमी, पण विष ते विषच. तंबाखूच्या पुडीवर २००९ पासून रोगाची चित्रं छापली जातात आणि २०१६ पासून पुडीचा ८५ टक्के भाग त्यासाठी ठेवावा लागतो. तिथं रंग तोच, कवटी तीच. फरक एवढाच की तो डबा धोका जिथं आहे तिथंच बोट दाखवतो. सिनेमाचं पोस्टर अनेकदा बोट भलतीकडे दाखवतं. ओइवाच्या चित्रात विष पाठवणारे दिसत नाहीत. पन्नास फुटी बाईच्या पोस्टरवर नवरा दिसत नाही. विहिरीतल्या बाईच्या पोस्टरवर ढकलणारा दिसत नाही. घाव घालणारा चौकटीबाहेर आणि घाव सोसणारी चौकटीत.

सिनेमा बघून गावात कुणी चेटकीण ठरते, असं माझं म्हणणं नाही. चेटकिणीची गोष्ट सिनेमापेक्षा फार जुनी आहे. पण एखादं जनावर दगावलं, मूल आजारी पडलं की नजर कुणाकडे जाते? एकट्या राहणाऱ्या, नवरा गेलेल्या, कधीकधी नावावर थोडी जमीन असलेल्या बाईकडे. 'वो कौन थी' सारखंच, भुतामागे पुष्कळदा जायदाद असते. म्हणून लक्षात ठेवा, महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी कितीतरी वर्षं झगडा दिला आणि त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे गुरं दूध देत नाहीत किंवा रोगराई येते असा आळ घेऊन तिला छळणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. तक्रार पोलीस ठाण्यात करायची.

आणि बदलही होतोय. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे प्रकार गावात होणार नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. बाबूराव पेंटरांच्याच जिल्ह्यातलं हे गाव. ज्या खुणांवरून पोस्टरवाला भूत रंगवायचा, त्या खुणा बाईवर लादायच्याच नाहीत असं एका गावानं ठरवलं.

सिनेमाही बदलतोय. २०१७ साली 'लपाछपी' हा विशाल फुरिया यांचा मराठी सिनेमा आला, पूजा सावंत आणि उषा नाईक यांचा. त्यात वाडा नाही, स्मशान नाही. उसाचा फड आहे, आणि त्यात अडकलेली एक गरोदर बाई. सिनेमा जसा पुढं जातो तसं कळतं की घाबरायचं भुतांना नाही, मुलगी नको म्हणून जीव घेणाऱ्या जिवंत माणसांना. तिथं बोट बरोबर जागी रोखलेलं आहे, म्हणून तो सिनेमा बघून आलेली बाई नुसती घाबरत नाही, विचार करते.

तर मैत्रिणींनो, यापुढं भुताचं पोस्टर दिसलं की तीन प्रश्न विचारा. उजेड कुठून पाडलाय? काय लपवलंय? आणि या बाईचं वाईट कुणी केलं, तो चित्रात का नाही? मोबाइलवर मुलं असली चित्रं बघत असतील तर त्यांनाही विचारा. बॅटरी हनुवटीखाली धरून दाखवा, मुलं हसतील आणि युक्ती कळली की त्यांची भीती निम्मी होईल. भुताचे सिनेमे बघू नका असं मी म्हणणार नाही. मलाही आवडतात. चार जणी एका गोधडीत बसून बघायला मजाच येते.

एक काम मात्र करा. पुढच्या बैठकीत गटाच्या हळदीकुंकवाचा विषय निघेल, तेव्हा आमंत्रणाच्या यादीत नवरा गेलेल्या मैत्रिणींची नावं सगळ्यांत वर लिहा. त्या दिवशी त्यांच्या कपाळाला कुंकू लावायचा पहिला मान अध्यक्षांनी घ्यावा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!